सर्कशीतील हत्तींची सुटका व पुनर्वसन

सर्कशीत खेळांसाठी बाळगलेल्या आणि हेळसांडीमुळे वा क्रूर वागणुकीमुळे आजारी, जायबंदी किंवा अकाली वृद्ध झालेल्या हत्तींना न्यायालयाच्या अथवा वनखात्याच्या आदेशाने, किंवा मालकाच्या संमतीने, ताब्यात घेऊन निवारा केंद्रात हलविणे व तेथे त्यांचा अखेरपर्यंत सांभाळ करणे, असे या प्रक्रियेचे स्वरूप आहे. असे हत्ती सहसा जंगलात सोडले जात नाहीत. माणसाची सवय, कळपाचा अभाव, जुने आजार आणि विशेषतः क्षयरोगाचा संसर्ग वन्य हत्तींना होण्याचा धोका, ही त्याची कारणे होत. त्यामुळे निवारा केंद्रातील जीवन हेही बंदिवासाचेच एक रूप असते. फरक पडतो तो जागा, सोबत, आहार आणि उपचार यांत. वन्यजीव अधिनियमानुसार घोषित होणाऱ्या अभयारण्यांशी या केंद्रांचा कायदेशीर संबंध नाही.

पूर्वपीठिका : भारतीय सर्कशीचा प्रारंभ विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांच्यापासून मानण्यात येतो. सांगली परिसरातील अंकलखोप येथील छत्रे हे कुरुंदवाड संस्थानच्या अश्वशाळेचे प्रमुख होते. जुझेप्पे कियारिनी यांची इटालियन सर्कस मुंबईत आली असता भारतीयांना अशी सर्कस उभारणे इतक्यात जमणार नाही, अशा आशयाचे उद्गार निघाले आणि ते आव्हान छत्र्यांनी स्वीकारले, अशी परंपरागत कथा आहे. पहिल्या खेळाच्या तारखेबद्दल एकवाक्यता नाही. २० मार्च १८८० ही तारीख सर्वाधिक प्रचलित आहे. काही लेखक सर्कशीची उभारणी त्याआधी एक-दोन वर्षे सुरू झाल्याचे मानतात, तर काही जण मुंबईतील जाहीर खेळ हाच खरा प्रारंभ समजून १८८२ पर्यंत पुढे येतात. संस्थानी आश्रयाखालील निमंत्रितांपुढचा खेळ आणि तिकीट लावून झालेला खेळ यांत गल्लत झाल्याने हा घोळ निर्माण झाला असावा. तसे धरल्यास १८८० हे वर्ष स्वीकारण्यास हरकत नाही. छत्र्यांचे मुख्य कौशल्य अश्वविद्येचे होते, त्यामुळे आरंभीच्या खेळांत घोड्यांना प्राधान्य होते. हत्ती सर्कशीचे मुख्य आकर्षण बनले ते बहुधा क्रमाक्रमाने, आणि संस्थानांतील हत्तीखान्यांचा त्यास आधार मिळाला असावा. छत्र्यांच्या संपर्कात आलेले तलश्शेरीचे कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी पुढे केरळात कसरतपटूंची शाळा काढली आणि या व्यवसायाचे केंद्र महाराष्ट्रातून हळूहळू मलबारकडे सरकले.

सर्कशीतील हत्ती प्रायः माद्या असतात. नराला येणारा माज आणि त्या काळातील त्याची आक्रमकता सर्कशीच्या गर्दीत आवरता येत नाही, हे त्याचे कारण. फिरत्या जीवनात प्रजनन जवळजवळ होत नाही, म्हणून नवा हत्ती लागला की तो मुळात जंगलातून पकडलेलाच असे. खेद्याची (कळप हाकून कुंपणात कोंडण्याची) पद्धत, आसाम-बंगालकडची मेळा शिकार (पाळीव हत्तींवरून फास टाकून पकडणे) आणि बिहारमधील सोनपूरची जत्रा हे या पुरवठ्याचे परिचित मार्ग होत. कर्नाटकातील काकनकोटे येथे १९७१ मध्ये शेवटचा खेदा झाला. १९७७ मध्ये हत्तीचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत झाल्यावर हा पुरवठा कायद्याने बंद झाला. आज सुटका होणाऱ्या हत्तिणी बहुतांशी वयस्क का असतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथेच मिळते.

कायदा : सर्कशीतील हत्तींचा प्रश्न खेळांवरील बंदीतून सुटला, हा सर्रास आढळणारा समज बरोबर नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० च्या कलम २२ नुसार कोणत्या प्राण्यांना खेळांसाठी शिकविता वा दाखविता येणार नाही, हे केंद्र शासन अधिसूचनेने ठरवू शकते. १९९१ ची पहिली अधिसूचना न्यायालयीन वादात सापडली. १४ ऑक्टोबर १९९८ च्या सुधारित अधिसूचनेत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह हे प्राणी आले; केरळ उच्च न्यायालयाने २००० मध्ये ती वैध ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने एन. आर. नायर खटल्यात १ मे २००१ रोजी तो निर्णय कायम केला. २०११ मध्ये त्या यादीत बैलाची भर पडली. हत्ती मात्र तीत आला नाही. परिणामी वाघ-सिंहांसाठी बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम, जयपूर इत्यादी ठिकाणी शासकीय निवारा केंद्रे उभी राहिली, आणि त्याच सर्कशींतील हत्ती तंबूतच राहिले.

हत्तींच्या सुटकेचा मार्ग वेगळ्या दिशेने खुला झाला. वन्यजीव अधिनियमात २००३ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीत प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येत सर्कशीचाही अंतर्भाव करण्यात आला होता. त्यामुळे वन्य प्राणी बाळगण्यासाठी सर्कशीला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता आवश्यक झाली. या प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९ मध्ये प्राणिसंग्रहालये व सर्कशी यांतील हत्ती वनखात्याच्या तळांवर अथवा पुनर्वसन केंद्रांत हलविण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी २६ प्राणिसंग्रहालये व १६ सर्कशी मिळून १४० हत्ती असल्याचे सांगण्यात आले होते. अंमलबजावणी संथ झाली. पुढे तपासण्यांत आढळलेल्या उणिवांवरून अनेक सर्कशींची मान्यता रद्द झाली, आणि मान्यता गेली की हत्ती बाळगण्याचा आधारच उरत नसल्याने सुटकेची बहुतेक प्रकरणे याच टप्प्यावर मार्गी लागली. सर्व प्राण्यांना सर्कशीत बंदी करणाऱ्या नियमांचा मसुदा केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केला होता.

मालकीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. अधिनियमाच्या कलम ४० व ४२ अन्वये हत्ती बाळगणाऱ्याकडे मुख्य वन्यजीव रक्षकाने दिलेले मालकी प्रमाणपत्र असावे लागते. २००३ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने प्रमाणपत्र असलेल्या प्राण्याच्याही विक्रीला मनाई केली. त्यामुळे सर्कशीचा मालक हत्ती विकू शकत नाही, आणि देणगी, भाडेपट्टा किंवा ‘सांभाळण्यास दिला’ अशा नावाखाली होणारे व्यवहार संशयास्पद ठरतात. सुटकेच्या वेळी हत्तीच्या त्वचेखालील सूक्ष्मपट्टिकेचा (मायक्रोचिपचा) क्रमांक, उंची, सुळे, कानांच्या कडा व नखांची संख्या प्रमाणपत्राशी ताडून पाहतात. त्यांत विसंगती निघाली की प्रमाणपत्र दुसऱ्याच हत्तीचे असल्याची शक्यता विचारात घ्यावी लागते. हत्तीचा ताबा आधी बदलतो आणि मालकीचा निवाडा मागाहून, कधी कधी काही वर्षांनी, होतो. केंद्रांकडील हत्ती बऱ्याचदा कागदोपत्री ‘न्यायालयीन अभिरक्षेत’ असतात ते यामुळे. २०२२ च्या दुरुस्तीने ‘धार्मिक किंवा अन्य प्रयोजनासाठी’ हत्तीच्या हस्तांतरास सवलत दिली आणि २०२४ मध्ये त्याचे नियम आले. ‘अन्य प्रयोजन’ ही शब्दयोजना फार सैल असल्याची टीका झाली असून ती रास्त वाटते.

परदेशांतील केंद्रे : कॅलिफोर्नियात पॅट डर्बी व एड स्ट्यूअर्ट यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेली पॉज ही प्राण्यांना निवारा देणारी संस्था आणि टेनेसी राज्यातील होहेनवाल्ड येथे कॅरल बकली व स्कॉट ब्लेस यांनी १९९५ मध्ये सुरू केलेले केंद्र, यांपैकी आद्य कोणते याविषयी मतभेद आहेत. काळाच्या दृष्टीने पहिली संस्था आधीची. परंतु केवळ हत्तींसाठी, प्रेक्षकांना प्रवेश न देता, कळप जमेल अशा विस्तीर्ण जागेचा नमुना दुसरीने घालून दिला, म्हणून पुढील केंद्रांच्या संदर्भात तिचाच दाखला अधिक दिला जातो. जुलै १९९९ मध्ये शर्ली ही हत्तीण तेथे आली तेव्हा जेनी या हत्तिणीने तिला ओळखले. वीस वर्षांहून अधिक काळापूर्वी दोघी एकाच सर्कशीत होत्या. ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात ऑक्टोबर २०१६ मध्ये माया व गीदा या सर्कशीतील हत्तिणींपासून असेच केंद्र सुरू झाले. अमेरिकेतील रिंगलिंग सर्कशीने मे २०१६ मध्ये हत्तींचे खेळ थांबविले. डेन्मार्कने २०१९ मध्ये देशातील सर्कशींत उरलेले चार हत्ती सरकारी खर्चाने विकत घेतले. मालकीचा वाद टाळण्याचा हा सर्वांत सरळ, पण खर्चिक उपाय म्हणता येईल.

भारतातील केंद्रे : कार्तिक सत्यनारायण व गीता शेषमणी यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचे मथुरा जिल्ह्यातील चुरमुरा येथील केंद्र (स्थापना २०१०) सर्कशीतील हत्तींच्या संदर्भात सर्वाधिक परिचित आहे. त्याला जोडून नोव्हेंबर २०१८ मध्ये हत्तींचे रुग्णालय सुरू झाले. आंध्र प्रदेशातील सर्कशीतून २०१५ मध्ये आणलेली सुझी ही हत्तीण दोन्ही डोळ्यांनी आंधळी होती व तिच्या दाढा झिजून गेल्या होत्या. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा झिजला की चारा चावता येत नाही आणि पोट भरूनही अंगी लागत नाही. म्हणून सुझीला फळे व भाज्या बारीक चिरून, मऊ करून दिल्या जात. हरियाणातील बन संतूर, केरळातील कोट्टूर आणि तमिळनाडूतील एम. आर. पाळयम येथील केंद्रे शासकीय आश्रयाखालील आहेत.

आजार व उपचार : सुटका झालेल्या हत्तींत पायांचे विकार सर्वाधिक आढळतात. हत्तीच्या तळपायात मेदयुक्त तंतूंची जाड गादी असते आणि पाऊल टेकताना ती पसरते, उचलताना आकुंचन पावते. या हालचालीने पायातील रक्ताभिसरणास मदत होते. मऊ जमिनीवर चालताना तळवा आणि नखे आपोआप घासली जातात. सर्कशीत खेळ नसेल तेव्हा हत्ती एक पुढचा आणि एक मागचा पाय साखळदंडाने जखडून, सिमेंटवर किंवा स्वतःच्या मूत्राने भिजलेल्या जमिनीवर उभा असतो. तळवा जाड होऊन भेगाळतो, नखे वाढून दुभंगतात, भेगांतून घाण आत जाऊन गळू होते आणि संसर्ग हाडापर्यंत पोहोचला की अस्थिमज्जाशोथ (हाड व त्यातील मज्जा यांचा दाह) होतो, जो क्वचितच पूर्ण बरा होतो. स्टुलावर बसणे, दोन पायांवर किंवा डोक्यावर उभे राहणे अशा कवायतींनी सांध्यांवर अस्वाभाविक ताण येऊन संधिशोथाची त्यात भर पडते. सांधे धरलेला हत्ती आडवे होणे टाळतो, कारण पुन्हा उठता येईल याची त्याला खात्री नसते. अशा हत्तींसाठी केंद्रांत मातीचे उतरते ढिगारे करतात. त्यांवर कलून झोपलेल्या हत्तीला उठणे सोपे जाते. पाय औषधी पाण्यात बुडवून ठेवणे, वाढलेला तळवा वाकड्या सुरीने तासणे आणि नखे कानशीने घासणे हे काम रोजचे असते. हत्तीने आपण होऊन कठड्याच्या फटीतून पाय पुढे करावा आणि त्याबद्दल त्याला केळे किंवा कलिंगडाची फोड मिळावी, अशी सवय लावतात. अंकुशाविना हाताळणीच्या या पद्धतीला ‘संरक्षित संपर्क’ म्हणतात. भारतात पारंपरिक माहुती आणि ही पद्धत यांचा मेळ घातला जातो.

क्षयरोगाचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. बंदिवासातील हत्तींना होणारा क्षय मुख्यतः मायकोबॅक्टेरियम ट्युबर्क्युलोसिस या मानवी क्षयाच्याच जंतूमुळे होतो आणि तो माणसाकडून हत्तीला व हत्तीकडून माणसाला जाऊ शकतो. १९९६ मध्ये अमेरिकेत एका सर्कस कंपनीच्या दोन हत्तिणी क्षयाने दगावल्यावर याकडे गांभीर्याने लक्ष गेले. हत्तीच्या छातीचे क्ष-किरण चित्र आकारमानामुळे मिळत नाही. म्हणून सोंडेत क्षारयुक्त पाणी घालून, सोंड वर धरवून, ते पाणी पिशवीत परत घेऊन त्यातील जंतूंचे संवर्धन करतात. वेगवेगळ्या दिवशी असे तीन नमुने घेतात आणि निष्कर्षास साधारण आठ आठवडे लागतात. या चाचणीत रोग निसटण्याची शक्यता बरीच असल्याने रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचण्या पुढे आल्या. त्यांवर विसंबून उपचार सुरू करावेत की जंतूसंवर्धनाची वाट पाहावी, याविषयी पशुवैद्यांत मतभेद आहेत. नव्याने आलेल्या हत्तीला दोन्ही चाचण्या होईपर्यंत वेगळे ठेवणे अधिक सुरक्षित होय. टेनेसीतील केंद्रात २००९ मध्ये विलगीकरणातील हत्तिणीमुळे अनेक कर्मचाऱ्यांना संसर्ग झाला, त्यांत हत्तींशी थेट संपर्क नसलेलेही होते.

महाराष्ट्र : राज्यात गडचिरोली जिल्ह्यातील कमलापूर येथे वनखात्याचा हत्ती तळ आहे, परंतु सर्कशीतील हत्तींसाठी स्वतंत्र केंद्र नसल्याने हत्ती परराज्यांत पाठवावे लागतात. या विषयावरील राज्यातील गाजलेले खटले सर्कशीचे नसून देवस्थानांचे आहेत. कोल्हापूरच्या जोतिबा देवस्थानाचा सुंदर हा हत्ती २०१४ मध्ये न्यायालयीन आदेशाने बन्नेरघट्टा येथे गेला. शिरोळ तालुक्यातील नांदणी मठाची महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण मुंबई उच्च न्यायालयाच्या जुलै २०२५ च्या आदेशानुसार जामनगरच्या वनतारा केंद्रात हलविण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. मात्र परिसरात मोठे जनआंदोलन झाले आणि नांदणी येथेच तिच्यासाठी केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. सर्कशीचा हत्ती जाताना गाव रस्त्यावर येत नाही, कारण त्या हत्तीला गाव नसते; देवस्थानाच्या हत्तीबाबत तसे नाही, आणि एकाच निकषाने दोन्ही प्रकरणे हाताळण्यातील अडचण येथे दिसून येते.

माहूत : सर्कशीतील माहुतांच्या पुनर्वसनाची तरतूद वरील कोणत्याही नियमात नाही. काही केंद्रे जुन्या माहुताला हत्तीसोबत काही दिवस ठेवून घेतात, म्हणजे हत्ती नव्या हातांना लवकर रुळतो. इतर ठिकाणी पहिल्याच दिवशी हा संबंध तोडतात.