दांडा मोकळा फिरतो की जबडा डुलतो?

जुना मोठा व्हाइस, म्हणजे कामाचा तुकडा (जॉब) दोन जबड्यांत आवळून धरणारा शिकंजा, घरी आणला, कुणी तो पाहिला, दांडा उलटसुलट फिरवला की निकाल ठरलेला: "स्क्रू गेला. अर्धा वेढा नुसताच फिरतोय." सल्लाही ठरलेला. लेथवर नवा स्क्रू काढून घ्या, नट गनमेटलचा करा. हलत्या जबड्याला हात लावून तो वर उचलून बघा, असं मात्र कुणी सांगत नाही. परिणाम असा की माणसं नव्या स्क्रूवर खर्च करतात, रंग देतात, बेंचवर बसवतात आणि जॉब धरला की तो पूर्वीसारखाच वाकडा होतो.

मी स्वतः याच वाटेने गेलो आहे. सहा इंची जबड्याच्या एका व्हाइससाठी नवा नट करून घेतला. दांडा सुरेख चालायला लागला, पण चौकोनी बार धरला की तो आधीइतकाच मागे कलायचा. म्हणून ही दोन दुखणी वेगळी करून सांगायची आहेत.

साफसफाईवर मी शब्द घालवत नाही. गंज काढणं, वाकलेला दांडा सरळ करणं, स्विव्हल बेसचे बोल्ट सोडवणं, जबड्याच्या पट्ट्या बदलणं हे सगळं जुनी हत्यारं हाताळणाऱ्याला येतं. वॉशिंग सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढत असाल तर चार्जरच्या दुसऱ्या तारेला साधं लोखंड लावा. स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. एवढंच.

आता मुद्दा. व्हाइसमध्ये दोन प्रकारचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतो. एक स्क्रूच्या लांबीच्या दिशेने, तो दांडा फिरवताना जाणवतो. दुसरा स्लाइड (हलत्या जबड्याला जोडलेली, मागेपुढे सरकणारी लांब दांडी) आणि तिचं बॉडीतलं घर यांच्यामध्ये, तो जबडा वर-खाली किंवा आडवा हलवल्यावर जाणवतो. दोन्हींना सरसकट "व्हाइस ढिला झालाय" म्हटलं जातं आणि तिथेच घोटाळा होतो. पहिला त्रासदायक वाटतो पण बहुधा निरुपद्रवी असतो. दुसरा हाताला फारसा जाणवत नाही, पण व्हाइसचं काम तोच बिघडवतो.

दांडा मोकळा फिरणं, म्हणजे बॅकलॅश, निरुपद्रवी का, ते आधी बघू. व्हाइस आवळताना स्क्रूच्या आट्याची एकच बाजू नटाच्या आट्यावर दाबून बसते. दुसऱ्या बाजूला कितीही फट असली तरी पकडीशी तिचा संबंध नाही, कारण त्या बाजूवर भारच येत नाही. फट कळते ती फक्त दिशा बदलताना. मिलिंग मशीनच्या टेबलाला बॅकलॅश असणं गंभीर आहे, कारण तिथे स्क्रूवरून माप घेतलं जातं. व्हाइसच्या स्क्रूवर कुणी माप घेत नाही. मशीनवर काम केलेली माणसं ही भीती नकळत व्हाइसवर घेऊन येतात.

शिवाय हा मोकळेपणा सगळा आट्यांचा असतोच असं नाही. स्क्रूच्या डोक्याचा खांदा हलत्या जबड्याला बाहेरून ढकलतो आणि आतल्या बाजूला कॉलर, पिन किंवा घोड्याच्या नालासारखी पट्टी स्क्रूला जबड्यात अडकवून ठेवते. उघडताना जबड्याला ओढते ती हीच पट्टी किंवा कॉलर. इथली फटही दांड्यावर तशीच जाणवते आणि बऱ्याच जुन्या व्हाइसमध्ये मोठा वाटा तिचाच असतो.

दोन्ही वेगळे मोजता येतात. जबडा अर्धा उघडा ठेवा, दांडा कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि हलता जबडा हाताने आत-बाहेर करा. बॉडीवर बसवलेलं डायल गेज, म्हणजे काट्याने बारीक हालचाल दाखवणारं माप, जितकी हालचाल दाखवेल तो एकूण प्ले. मग जबडा आत दाबलेलाच ठेवून स्क्रूचा खांदा आणि जबडा यांमधली फट फीलर गेजने, म्हणजे ठराविक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजा. एकूण २.४ मिमी आणि खांद्यापाशी १.६ मिमी आले, तर आट्यांच्या वाट्याला फक्त ०.८ मिमी उरतात. सहा मिमी पिचच्या (एका वेढ्यात सहा मिमी सरकणाऱ्या) स्क्रूवर २.४ मिमी म्हणजे जवळजवळ अर्धा वेढा. पाहणारा म्हणणार आटे संपले. प्रत्यक्षात आतल्या बाजूला १.३ मिमीचा एक जाड वॉशर टाकला की निम्म्याहून जास्त तक्रार मिटते. फट पूर्ण शून्य करू नका. दोन-तीन दशांश मिमी राहू द्या, नाहीतर एखादा बारीक कीस अडकला की दांडा जड होतो.

आटे खरोखर संपत आलेत का, हे बॅकलॅशवरून ठरवायचं नसतं, आट्याच्या उरलेल्या जाडीवरून ठरवायचं असतं. सहा मिमी पिचच्या चौकोनी आट्याचा दात नवा असताना तीन मिमी जाड असतो. स्क्रूच्या टोकाकडचे आटे कमी वापरले जातात, कारण बरंचसं काम जबडे थोडेच उघडून होतं आणि तेव्हा नट डोक्याकडच्या भागावर असतो. टोकाकडचा दात व्हर्नियरने मोजा, मग डोक्याकडचा मोजा. फरक म्हणजे स्क्रूची झीज. मोजायचंही नसेल तर वेगवेगळ्या उघडीला दांडा हलवून बघा. जबडे मिटत आले की प्ले वाढत असेल तर स्क्रू झिजलाय, सगळीकडे सारखा असेल तर नट किंवा खांदा. माझा नियम असा: निम्म्याहून जास्त जाडी उरली असेल तर हात लावायचा नाही. मोठ्या व्हाइसच्या साठ मिमी लांब नटात सहा मिमी पिचचे दहा आटे एकाच वेळी भार घेतात. हत्ती बांधायची सोय आहे ती.

एका जातीला हा दिलासा लागू नाही, ती म्हणजे झटपट उघडणारे व्हाइस. इंग्लंडमधल्या शिपली गावच्या पार्किन्सन कंपनीचा परफेक्ट किंवा शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचे खटक्याचे व्हाइस यांत नट अर्धाच असतो आणि तो स्प्रिंगने किंवा खटक्याने स्क्रूला टेकलेला असतो. तिथे दातांचे माथे झिजले किंवा स्प्रिंग मेली तर भर आवळताना नट उडी मारून सुटतो. दांडा एकदम हातातून निसटतो आणि जॉब खाली येतो. असा व्हाइस आवळताना 'खट्ट' आवाज आला तर तो वापरणं त्या क्षणी थांबवा आणि आधी नट बघा. बाकी सगळ्यांनी पुढचं वाचा.

आता खरं दुखणं. स्क्रू जबड्याच्या पोटाखालून जातो आणि जॉब असतो वरती. स्क्रू जबड्याला आत ओढतो, जॉब त्याला वरून बाहेर ढकलतो. या दोन रेषांमधलं अंतर जबड्याला उलथवू बघतं. जबड्याला ताठ ठेवणारी एकच गोष्ट असते, घरात शिरलेली लांब स्लाइड. आकडे घालून बघा. स्क्रूची ओढ २० किलोन्यूटन (सुमारे दोन टन वजनाएवढी), जॉब स्क्रूच्या १०० मिमी वर, घरात स्लाइडची लांबी २५० मिमी. मग स्लाइडच्या दोन्ही टोकांना ८-८ किलोन्यूटन दाब येतो. पुढे घराच्या तोंडाशी तो खाली दाबतो, मागे घराच्या छताला वर दाबतो.

म्हणूनच झीज तिरपी असते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तोंडाशी तळ झिजतो, मागे छत झिजतं. तोंडाच्या तळावर पुढे लोंबणाऱ्या जबड्याचं वजनही रोज पडत असतं, म्हणून तो आधी जातो. बहुतेक जण फक्त तोंडाशी वरून फट बघतात, "थोडीशी आहे" म्हणतात आणि मागे जाऊन बघतच नाहीत.

घरात अर्धा मिमी प्ले आणि २५० मिमी स्लाइड आत असेल तर १०० मिमी वर जबडा दोन दशांश मिमी मागे कलतो. हे चालून जातं. पण जबडा उघडत गेलात आणि आत फक्त १२५ मिमी उरली की तोच प्ले चार दशांश मिमी कल देतो. स्क्रूचा बॅकलॅश उघडी वाढली म्हणून वाढत नाही, स्लाइडचा प्ले मात्र मोठ्या जॉबवर नेमका दुप्पट होऊन भेटतो. मोठा व्हाइस माणूस घेतो मोठ्या जॉबसाठीच, म्हणून हा फरक मला इतका महत्त्वाचा वाटतो.

तपासायला कागद पुरतो. समांतर बाजूंचा पंचवीस मिमी जाड ठोकळा जबड्याच्या वरच्या अर्ध्यात उभा धरा. हलत्या जबड्याच्या बाजूला ठोकळ्याच्या वरच्या काठाशी एक कागदाची पट्टी, खालच्या काठाशी दुसरी. नेहमीच्या जोराने आवळा आणि पट्ट्या ओढा. खालची अडकली आणि वरची सुटून आली, तर जबडा मागे कलतोय. मग मोठा ठोकळा घेऊन जास्त उघडीला पुन्हा करा. त्याआधी जबड्याच्या पट्ट्या गुण्या लावून तपासा, कारण त्याच घासून गोल झाल्या असतील तर दोष स्लाइडवर जाईल. अनेक चांगल्या व्हाइसचे जबडे हलके मिटवले की आधी वरच्या काठाला भेटतात, आवळल्यावर समांतर होतात. ती वरची किंचित पुढे झुकलेली ठेवण मुद्दाम दिलेली असते. ती कानशीने घासून "सरळ" करणाऱ्यांनी कितीतरी धडधाकट व्हाइस बिघडवले आहेत.

गोल स्लाइडचे व्हाइस, म्हणजे १९४१ साली शिकागोत सुरू झालेल्या विल्टन कंपनीचे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे, इथे थोडे वेगळे वागतात. त्यांत खालची चावी, म्हणजे स्लाइडच्या खाचेत बसणारा धातूचा तुकडा, जबड्याला फिरू देत नाही. चावी किंवा तिची खाच झिजली की जबडा डावी-उजवीकडे गरगरल्यासारखा हलतो. उपाय स्वस्त आहे, चावी नवी करा.

आणखी एक गैरसमज इथेच जन्मतो. व्हाइस आणला तेव्हा जबडा घट्ट होता, खोलून धुतल्यावर डुलायला लागला, म्हणून लोक धुण्याला दोष देतात. वर्षानुवर्षं सुकलेलं ग्रीस आणि लोखंडाचा कीस यांचा थर घरात शिमसारखा, म्हणजे फट भरणाऱ्या पातळ पट्टीसारखा, बसलेला असतो. तो निघाला की खरी फट उघडी पडते, इतकंच. पण स्लाइडवर ग्राइंडरची फ्लॅप डिस्क चालवून तिला आरशासारखी करणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. ते खरोखरच धातू खातात, आणि तोही असमान. स्लाइडवर डिस्क लावू नका. तारेचा हातब्रश, रॉकेल, फार तर तेलात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर. काळपट डाग राहिले तर राहू द्या. स्लाइडवर आणि घरात रंगही नको. रंगाने प्ले भरल्यासारखा वाटतो, आठवड्यात तो खरवडून आटे आणि नट यांच्यात जातो.

प्ले भरायचा तर तोंडाच्या तळापासून सुरुवात करा. पन्नास-साठ मिमी लांब पितळी किंवा फॉस्फर ब्राँझची पट्टी घ्या, तिची जाडी झिजेएवढीच ठेवा आणि ती आतल्या बाजूने बुडीव डोक्याच्या स्क्रूने बसवा. वेल्डिंगचा थर देऊन घासण्याचा सल्ला मला अजिबात मान्य नाही. बहुतेक जुने व्हाइस बिडाचे असतात. बीड न तापवता वेल्ड केलं की शेजारचा भाग काचेसारखा कडक होतो आणि तडकतो. पट्टी उद्या झिजली तर काढून दुसरी टाकता येते.

पट्टी जाड घेण्याचा मोह मात्र आवरा. स्लाइड मुळातल्या उंचीपेक्षा वर गेली की स्क्रूची मध्यरेषा नटाच्या मध्यरेषेवरून सरकते, स्क्रू जड फिरायला लागतो आणि नट एका बाजूने खाल्ला जातो. म्हणून प्रत्येक शिम टाकल्यावर दांडा न धरता स्क्रूचं डोकं बोटांनी फिरवून बघा, पूर्ण मिटल्यापासून पूर्ण उघडेपर्यंत. स्लाइड मधेच जास्त झिजलेली असेल तर ती एका जागी मोकळी आणि दुसऱ्या जागी घट्ट लागेल. पट्टीची जाडी घट्ट जागेला धरून ठरवा, मोकळ्या जागेला धरून नाही. तळाची पट्टी बसल्यावर कागदाची चाचणी पुन्हा करा. कल अजून जास्त असेल तरच स्लाइडच्या वरच्या अंगाला, मागच्या भागात दुसरी पातळ पट्टी द्या. दोन-तीन दशांश मिमी प्ले उरला तर तिथे थांबा. कित्येक व्हाइसचं घर कारखान्यातूनच आतून मशिन न केलेलं, ओतीव असतं, आणि तेवढी मोकळीक त्याला पहिल्या दिवसापासून होती.

स्क्रूचं काम या सगळ्यानंतर काढा. स्लाइड ताळ्यावर आल्यावर दांडा पुन्हा फिरवून बघा, कारण जबडा खाली लोंबल्यामुळे नटात तिरका बसलेला स्क्रू आता सरळ झालेला असतो आणि आधीची खरखर बऱ्याचदा तिथेच जाते. मग खांद्यापाशी वॉशर टाका, आट्यांना ग्रीस द्या, आणि नव्या स्क्रूसाठी लेथवाल्याकडे जायचं का ते व्हर्नियरच्या मापावरून ठरवा.