मुलकोवालची बाटली आणि लॅबमधला ताण

लॅब टेक्निशियनच्या मानसिक ताणाविषयी आपल्याकडे बोलणे सुरू झाले ते करोनानंतर. ताण मात्र जुना आहे, आणि त्याची एक ठळक नोंद परळच्या प्रयोगशाळेशी जोडलेली आहे.

जीवाणुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या प्लेगच्या साथीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढे प्रयोगशाळा परळला आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. खापर परळवर फुटले आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता, हे साक्षीत होते. तरी निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. मलेरियावरील संशोधनासाठी नोबेल मिळवणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांना त्यासाठी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये लिहावे लागले. हाफकिन यांच्यासाठी जगातले नामवंत उभे राहिले. रात्रपाळीतल्या टेक्निशियनसाठी कोण राहणार?

त्याची रात्र कशी असते पाहा. रुग्णाच्या रक्तातले पोटॅशियम ७ आले, म्हणजे जिवावर बेतू शकेल इतके. खरेच वाढले आहे, की रक्त काढताना पेशी फुटून त्यांतले पोटॅशियम बाहेर आले? कळवावे, की दुसरे सॅम्पल मागवावे? वॉर्डमधून 'रिपोर्ट कुठे?' म्हणून फोन, इकडे ॲनालायझरचा क्यूसी (यंत्र बरोबर मोजते का याची तपासणी) बसत नाही, आणि विचारायला शेजारी कुणी नाही. बरोबर आलेल्या हजार रिपोर्टांबद्दल कुणी फोन करत नाही, चुकलेल्या एकासाठी मात्र मेमो येतो.

थकलेला डोळा चुकतो, हे अमेरिकेत कायद्यापर्यंत पोहोचले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्लाइड दर नगावर पैसे देऊन वाचून घेतल्या जात असल्याचे १९८७ मध्ये वृत्तपत्राने उघड केले. १९८८ च्या कायद्याखालील नियमांनी एका तंत्रज्ञाला २४ तासांत जास्तीत जास्त १०० स्लाइडची मर्यादा घातली. हेतू रुग्णाच्या सुरक्षेचा होता, पण श्वास तंत्रज्ञालाही मिळाला.

आपल्याकडे २०२० च्या जानेवारीत करोनाचे नमुने सुरुवातीला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतच तपासले जात होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात देशातल्या चाचण्या एक कोटीवर गेल्या. यंत्रे मागवून आणता येतात, पीसीआर (करोनाची प्रयोगशाळेतली चाचणी) लावणारा सराईत हात महिन्याभरात घडत नाही. मग होते तेच हात पीपीई किट घालून पाळीवर पाळी करत राहिले. टाळ्या-थाळ्या वाजल्या तेव्हाही बहुतेकांच्या डोळ्यांपुढे डॉक्टर आणि नर्सच होत्या.

२०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी, म्हणजे लॅब टेक्निशियनसारख्यांसाठी, राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि या कामाला व्यवसाय म्हणून स्वतंत्र ओळख मिळाली. तो शिक्षणाच्या दर्जाचे आणि नोंदणीचे बोलतो. एका पाळीत एका माणसाने किती नमुने हाताळावेत, याचा आकडा त्यात नाही.