शाळेत शिकवायला जाणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना पैसे कुठून मिळतात? अनुदानांची पार्श्वभूमी

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं-मुली आठवड्यातून एकदा जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत जातात. मोटर, बॅटरी, सेन्सर मुलांच्या हातात देतात. खर्च फार नसतो, पण असतो. तो मागण्यासाठी अर्ज भरायला घेतला की पहिल्याच पानावर अडतं : संस्थेचा नोंदणी क्रमांक, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. काम विद्यार्थी करणार, पण अर्जदार म्हणून त्यांना जागा नाही. ही रचना कशी घडली, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात शास्त्रज्ञांनी केली. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, १६ शाळांत, सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्था त्यामागे होत्या; मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक मदतीला होते. १९७४ मध्ये याच टाटा संस्थेने मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं. सुरुवातीचं आर्थिक बळ सर दोराबजी टाटा ट्रस्टचं होतं, आणि केंद्राचं काम नाना चौकातल्या महापालिका शाळेतून चालायचं. पैसा संस्थेला मिळाला, कारण विश्वास संस्थेवर होता. तेव्हा ते योग्यच होतं. पण साचा तिथे पडला.

त्या काळात तरुण इंजिनिअर अशा कामात शिरायचा तो स्वतःच्या हिमतीवर. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरमधून शिकून पुण्यात टेल्कोत (आजची टाटा मोटर्स) लागले होते. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते होशंगाबादला गेले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्रिकोण, चौकोन, घरं जोडायची त्यांची युक्ती तिथलीच. साहित्य चार आण्यांचं. खरी किंमत होती त्या एका वर्षाची. आजही अशा उपक्रमात महाग पडतो तो माणसाचा वेळ, आणि बहुतेक अनुदानांच्या तक्त्यात नेमका त्यालाच रकाना नसतो. राष्ट्रीय सेवा योजनेने १९६९ पासून विद्यार्थ्यांच्या सेवेचे तास मोजले खरे, पण तिथला निधी ठरलेल्या कार्यक्रमांसाठी आणि शिबिरांसाठी होता. एखाद्या गटाने स्वतः आखलेल्या प्रकल्पासाठी नव्हे.

दुसरा धागा अमेरिकेतून येतो आणि पुणे जिल्ह्यातल्या पाबळला पोहोचतो. अमेरिकेतल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने, म्हणजे संशोधनाला अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेने, १९९७ मध्ये संशोधन-अनुदानाच्या अर्जांसाठी दोन कसोट्या ठरवल्या. संशोधनाचा दर्जा ही एक, आणि समाजाला त्याचा उपयोग काय ही दुसरी. या दुसऱ्या कसोटीमुळे शाळेत जाणं हा विद्यापीठातल्या संशोधकासाठी फावल्या वेळेचा उद्योग राहिला नाही, तो अर्जाचाच भाग झाला. १९९९ मध्ये त्याच फाउंडेशनने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विद्यावेतन देऊन शाळांत पाठवणारी योजना आणली. ती साधारण दशकभर चालली. विद्यार्थ्याच्या वेळेला पैशात किंमत देणारी इतकी स्पष्ट योजना मला तरी दुसरी माहीत नाही, आणि ती बंद पडली याचं वाईट वाटतं.

याच फाउंडेशनच्या पैशावर २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात ‘सेंटर फॉर बिट्स अँड ॲटम्स’ उभं राहिलं. समाजापर्यंत जाण्याची अट पूर्ण करण्यासाठी त्यांनी यंत्रसामग्रीची छोटी कार्यशाळा बाहेर न्यायची ठरवली. तीच फॅब लॅब. २००२ मध्ये अशी एक लॅब पाबळच्या विज्ञान आश्रमात आली. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हा आश्रम १९८३ मध्ये सुरू केला होता. वेल्डिंग, वायरिंग, शेती, आरोग्य शाळेतच हाताने शिकायचं, हा ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ अभ्यासक्रम त्यांनी माध्यमिक शाळांत नेला होता. म्हणून ती यंत्रं तिथे शोभेची ठरली नाहीत. परदेशी अनुदान आलं तेव्हा काम जवळजवळ वीस वर्षं आधीपासून चालू होतं.

विद्यार्थ्यांचा गट केंद्रस्थानी येतो तो अभियंत्यांच्या व्यावसायिक संघटनांमुळे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९९५ मध्ये एक उपक्रम सुरू झाला : विद्यार्थ्यांनी स्थानिक सेवाभावी संस्थांसाठी खरी उपकरणं बनवायची, आणि त्यालाच श्रेयांक मिळायचे. त्याच्या दोन संस्थापकांपैकी लिआ जेमिसन २००७ मध्ये आयईईई या विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. २००९ मध्ये आयईईईने तो नमुना उचलून जगभरातल्या आपल्या विद्यार्थी शाखांना खुला केला, आणि त्यात शालेय मुलांनाही सामील करून घेतलं. भारतातल्या कॉलेजांत या शाखा आधीपासून होत्याच.

आपल्याकडे मोठा पैसा आला तो २०१४ नंतर. कंपनी कायद्याच्या कलम १३५ने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. शाळांत प्रयोग-कार्यशाळा उभारायच्या केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेने निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत देऊ केले. मात्र कंपनीचा निधी नोंदणीकृत संस्थेलाच मिळतो. २०२१ पासून तर त्या संस्थेला केंद्र सरकारकडे वेगळी नोंदणीही करावी लागते. अटल लॅबचे पैसे शाळेला जातात, आणि तिथे मार्गदर्शन करणारा स्वयंसेवक असतो, बिनपगारी.

त्यामुळे आज विद्यार्थ्यांचा गट अर्ज करतो तो कॉलेजच्या ट्रस्टच्या किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या नावाने. कोटेशन, विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला), सही, शिक्का यांत आठवडे जातात. महाराष्ट्रातल्या शाळा जूनमध्ये उघडतात. पैसे ऑगस्टमध्ये आले, तर सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी समोर असते, आणि त्यानंतर लगेच इंजिनिअरिंगची सत्रपरीक्षा. मुलांना शाळेत जायला मोकळे शनिवार मिळतात ते जानेवारीत, आणि मार्चअखेर हिशेब बंद करायचा असतो.