उन्हाचा निरोप त्वचेला उशिरा पोचतो

गोऱ्या, फिकट त्वचेचा माणूस मवाळ उन्हाच्या प्रदेशातून कडक उन्हाच्या प्रदेशात येतो, तेव्हा पहिला दिवस बहुधा छान जातो. वारा सुटलेला असतो, हवा मोकळी असते, अंगाला काही टोचत नाही. संध्याकाळी आंघोळीचं पाणी खांद्यांवर पडतं आणि झोंबतं. रात्री मान आणि नाकाचा शेंडा लाल दिसतो, सकाळी ती लाली आणखी गडद झालेली असते आणि चार-पाच दिवसांनी साल निघू लागते. लाली दिसली तेव्हा जे व्हायचं ते होऊन काही तास उलटलेले असतात. माझ्या मते, अशा हवेत त्वचेची निगा कशी बदलायची याचं उत्तर या एका उशिरात दडलेलं आहे. त्वचा वेळेवर सांगत नाही. म्हणून तिच्या सांगण्याची वाट न बघता दिनक्रम आखावा लागतो.

उन्हाची ऊब आपल्याला जाणवते ती मुख्यतः दृश्य प्रकाशाची आणि अवरक्त किरणांची. त्वचा भाजणारे अतिनील किरण असतात, आणि ते अंगावर पडत असताना आपल्याला काहीच कळत नाही. गार वाऱ्याचा दिवस, उंच डोंगरावरची थंड हवा, विरळ ढगांचं आकाश या तिन्ही वेळी ऊब कमी वाटते, पण अतिनील किरण त्या मानाने कमी झालेले नसतात. पातळ ढगांमधून त्यांचा बराच मोठा भाग खाली येतो, आणि उंची दर 1000 मीटरने वाढली की ते साधारण 10 टक्क्यांनी वाढतात.

हे किरण पेशीत काय करतात ते पाहिलं की उशिराचं कारणही कळतं. अतिनील किरणांचे दोन प्रकार जमिनीपर्यंत पोचतात, ए आणि बी. त्यांतले बी किरण डीएनएच्या साखळीत शेजारी शेजारी असलेल्या दोन थायमिन रेणूंना एकमेकांना चिकटवतात. साखळीत गाठ पडल्यासारखं होतं. पेशीतली विकरं ही गाठ हेरून तेवढा तुकडा कापून काढतात आणि नवा भरतात. या दुरुस्तीचं गणित उलगडणाऱ्या अझीझ सँकार यांना 2015 सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. इजा झालेल्या पेशी दरम्यान रासायनिक निरोप सोडतात, त्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्वचा लाल होते. या सगळ्याला वेळ लागतो. लाली काही तासांनी सुरू होते आणि 12 ते 24 तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असते. रापण्याची प्रक्रिया तर त्याहून सावकाश चालते, तिचा रंग दोन-तीन दिवसांनी चढतो.

इथे एक गैरसमज मला मनापासून दूर करावासा वाटतो. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती मेलॅनिन बनवतात, कोणत्या जातीचं बनवतात आणि ते त्वचेत कसं पसरतं यात. गडद तपकिरी युमेलॅनिन किरण चांगले शोषून घेतं. ते पेशीच्या केंद्रकावर, बरोबर उन्हाच्या बाजूला, छत्रीसारखं जमा होतं. लालसर-पिवळं फिओमेलॅनिन मात्र राखण कमी करतं आणि अतिनील किरण पडल्यावर स्वतःच पेशीला त्रासदायक असे ऑक्सिजनचे चंचल रेणू तयार करायला हातभार लावतं. लाल केस आणि अगदी फिकट त्वचा असलेल्या अनेकांमध्ये एमसी1आर नावाच्या जनुकात बदल असतात आणि त्यामुळे त्यांच्या पेशी फिओमेलॅनिनकडे झुकतात. म्हणून ‘रोज थोडं थोडं ऊन घे, त्वचा सवयीची होईल’ हा सल्ला अशा माणसासाठी घातक आहे. त्याच्या त्वचेला रापण्याची कलाच फारशी अवगत नाही. आणि जिला आहे, तिचं रापणंही सनस्क्रीनच्या भाषेत जेमतेम 3 ते 4 एसपीएफ (भाजण्यापासून किती संरक्षण मिळतं ते सांगणारा आकडा) इतकंच संरक्षण देतं. ते मिळवण्यासाठी डीएनएची मोडतोड आधी व्हावी लागते.

त्वचेची प्रतवारी केवळ रंग बघून करता येत नाही, हे थॉमस फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञांना 1975 मध्ये जाणवलं होतं. सोरायसिसच्या रुग्णांना औषधासोबत अतिनील किरण देताना केसांच्या आणि डोळ्यांच्या रंगावरून मात्रा ठरवली, तर ती काहींना जास्त होत होती. म्हणून त्यांनी साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली: उन्हात गेल्यावर तुमची त्वचा भाजते की रापते? कायम भाजते आणि कधीच रापत नाही, तो पहिला प्रकार. सहज भाजते आणि कसाबसा रंग चढतो, तो दुसरा. हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. कोड असलेल्यांनी आपल्या पांढऱ्या डागांसाठी, आणि अल्बिनिझम (जन्मतःच रंगद्रव्य नसणं किंवा फार कमी असणं) असलेल्यांनी सगळ्या अंगासाठी, उत्तर पहिलाच प्रकार धरावं.

आता घड्याळाकडे वळू. अतिनील निर्देशांक हा या किरणांची तीव्रता सांगणारा आकडा 1992 मध्ये कॅनडात पहिल्यांदा हवामानाच्या अंदाजासोबत दिला गेला. आज तो मोबाइलवरही मिळतो. 3 पासून पुढे काळजी घ्यायची, 8 च्या पुढे तो फार तीव्र मानतात. आकडा सरळ प्रमाणात वाढतो, म्हणजे 10 वर लाली येण्याइतकी मात्रा मिळायला 5 च्या निम्मा वेळ लागतो. पहिल्या प्रकारच्या त्वचेला निर्देशांक 10 असताना ही मात्रा साधारण 10 ते 15 मिनिटांत मिळते. रस्त्यापलीकडे जाऊन चार ओळखीच्यांशी बोलून परत यायला तेवढा वेळ पुरतो. मोबाइल हाताशी नसेल तर आपली सावली बघावी. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य डोक्याकडे चढला आहे. त्याच्या किरणांना वातावरणातला ओझोन कमी जाडीचा भेटतो आहे. घड्याळापेक्षा मला सावलीचा भरवसा जास्त वाटतो, कारण सूर्याची खरी दुपार आणि घड्याळाचे बारा यांत कित्येक ठिकाणी तासाभराचा फरक असतो.

ऑस्ट्रेलियात गोऱ्या त्वचेची मोठी लोकवस्ती प्रखर उन्हात राहते आणि त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण तिथे जगात सर्वाधिक देशांमध्ये मोजलं जातं. तिथे 1981 मध्ये सुरू झालेल्या जनजागृतीच्या मोहिमेने लोकांना तीन कामं सांगितली: सदरा चढवा, सनस्क्रीन लावा, टोपी घाला. यात सदरा पहिला आहे, आणि तो क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. कापड घामाने वाहून जात नाही, ते किती लावायचं हे चुकत नाही आणि दर दोन तासांनी पुन्हा घालावं लागत नाही. घट्ट विणीचं, गडद रंगाचं, सैलसर कापड उत्तम. पातळ पांढरा सुती सदरा ओला झाला की त्याचं संरक्षण आणखी घटतं. टोपीला सगळीकडून रुंद काठ हवा, नुसती पुढे झडप असलेल्या टोपीत कान आणि मान उघडीच राहतात.

सनस्क्रीन उरलेल्या जागेसाठी. एसपीएफ 30 बी किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवतं आणि 50 सुमारे 98 टक्के, म्हणून त्यांच्यात फरक नाही असं बरेच जण म्हणतात. आत किती शिरतं ते बघा. 30 मधून साधारण 3.3 टक्के शिरतात, 50 मधून 2 टक्के. म्हणजे शिरणाऱ्या किरणांत 40 टक्के घट. जी त्वचा पंधरा मिनिटांत भाजते तिच्यासाठी ही घट मोलाची आहे. फिकट त्वचेने 50 घ्यावं, असं मी ठामपणे म्हणेन. बाटलीवर ए किरणांपासूनही संरक्षण असल्याचा उल्लेख हवा, कारण एसपीएफचा आकडा मुख्यत्वे भाजण्यापुरताच बोलतो.

पण बाटलीवरचा आकडा प्रयोगशाळेत मोजला जातो तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून. घरात आपण त्याच्या निम्मं, कधी पाव लावतो, आणि मग 50 चं 50 राहत नाही. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधलं बोट अशा दोन बोटांच्या लांबीइतक्या दोन रेघा घ्याव्यात. एवढं एकदम जिरत नसेल तर एक रेघ आधी आणि दुसरी थोड्या वेळाने. बाहेर पडण्याआधी 15 ते 20 मिनिटं लावून ठेवावं, म्हणजे थर नीट बसतो. उन्हात असताना दर दोन तासांनी आणि पोहून किंवा घाम पुसून झाल्यावर लगेच पुन्हा. चेहऱ्यावर ज्यांना झोंबतं, डोळ्यांतून पाणी येतं, त्यांना झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन बहुधा सोसतं. गोऱ्या त्वचेवर त्याची पांढरट झाक फारशी दिसतही नाही. झिंक किरण आरशासारखे परतवतं असं सांगितलं जातं, प्रत्यक्षात तेही त्यांतले बहुतेक शोषूनच घेतं. कान, केसांच्या भांगातली उघडी रेघ, पायांचे पंजे, मानेची मागची बाजू आणि ओठ या नेहमी विसरल्या जाणाऱ्या जागा. ओठांसाठी एसपीएफ असलेलं लिप बाम वेगळं ठेवावं.

जुन्या दिनक्रमातल्या इतर बाटल्यांचं काय? ग्लायकोलिक आम्लासारखी साल काढणारी द्रव्यं त्वचेवरचा मृत पेशींचा थर पातळ करतात आणि त्वचा उन्हाला अधिक हळवी होते. वापर थांबवल्यावरही हा हळवेपणा आठवडाभर टिकू शकतो. नव्या उन्हात पहिले काही आठवडे ही आम्लं बाजूला ठेवावीत. रेटिनॉल (सुरकुत्यांसाठी लावतात ते अ जीवनसत्त्वाचं रूप) रात्रीच लावावं. प्रकाशात ते टिकत नाही आणि सुरुवातीला त्वचा कोरडी, लालसर करतं. आधीच भाजलेल्या त्वचेवर तर त्याला हातही लावू नये. सकाळी व्हिटॅमिन सीचं सीरम लावत असाल तर ते सनस्क्रीनच्या खाली चालू ठेवायला हरकत नाही, किरणांमुळे तयार होणारे चंचल रेणू निष्प्रभ करायला ते मदत करतं. सनस्क्रीनची जागा मात्र घेत नाही. डॉक्सिसायक्लिनसारखी काही प्रतिजैविकं त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात, तेव्हा चालू औषधांबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावं. लिंबाचा रस अंगावर सांडला तर उन्हात जाण्याआधी धुवावा, त्यातली द्रव्यं आणि अतिनील किरण मिळून फोड उठवतात.

मॉइश्चरायझर हवेप्रमाणे बदलावं. दमट हवेत दाट क्रीमखाली घाम साचतो, तिथे जेल बरं. कोरड्या हवेत उलट. रात्री सनस्क्रीन सौम्य क्लेन्झरने पूर्ण काढावं, खसाखसा चोळून नाही.

खिडकीजवळ बसणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. साधी काच बी किरण बहुतेक अडवते, पण ए किरणांचा मोठा भाग आत येऊ देते. म्हणून काचेमागे त्वचा भाजत नाही, तरी खोलवर जाऊन सुरकुत्या पाडणारे किरण वर्षानुवर्षं पडत राहतात. रोज सनस्क्रीन लावण्याचा मोठ्या मुदतीत काय उपयोग होतो हे ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातल्या नॅम्बोर इथे 1992 मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात पाहिलं गेलं. सुमारे 1600 प्रौढांपैकी निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना आपल्या मर्जीप्रमाणे. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांमध्ये त्वचेच्या वरच्या थरातल्या स्क्वॅमस पेशींच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे 40 टक्के कमी आढळल्या. हातांच्या मागच्या बाजूचे ठसे घेऊन पुढे केलेल्या मोजणीत त्वचेचं म्हातारपणही त्यांच्यात कमी दिसलं. आणि त्यांच्याकडचं सनस्क्रीन एसपीएफ 16 चं होतं.

व्हिटॅमिन डी बुडेल ही भीती रास्त आहे, पण गोरी त्वचा ते फार थोड्या उन्हात बनवते. पूर्ण झाकून राहणाऱ्यांनी रक्तातलं प्रमाण तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. ती भाजून घेण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

इतकं करूनही एखादा दिवस चुकतो. लाली दिसताच सावलीत यावं, गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावावं, भरपूर पाणी प्यावं, फोड फोडू नयेत. ताप, थंडी, उलट्या किंवा अंगाच्या मोठ्या भागावर फोड असतील तर डॉक्टरांकडे जावं. बरं होईपर्यंत ती जागा कापडानेच झाकावी.

आणि महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात आरशासमोर सगळं अंग बघावं. तीळ एका बाजूने वेगळा दिसतोय का, कडा दातेरी झाल्या का, रंग एकाहून अधिक आहेत का, 6 मिलिमीटरपेक्षा मोठा झाला का, आणि मुख्य म्हणजे मागच्या वेळेपेक्षा बदलला का. बरी न होणारी जखम, पुन्हा पुन्हा खपली धरणारा ठिपका हेही दाखवण्यासारखं. पाठ स्वतःला दिसत नाही, तेव्हा घरातल्या कुणाला तरी तिचे फोटो काढायला सांगून तारखेसह जपून ठेवावेत.