बहुकुटुंब गटोपचार

स्किझोफ्रेनिया (छिन्नमनस्कता), बायपोलर (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार) यांसारख्या तीव्र मानसिक आजारांत अनेक रुग्ण व त्यांच्या घरची माणसे यांना एकाच गटात नियमितपणे, दीर्घकाळ एकत्र बसवून करावयाचा उपचार. औषधे बंद करून हा उपचार करायचा नसतो. तो त्यांच्या जोडीने चालतो. मराठी स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. या पद्धतीत दोघेही एकाच वर्तुळात बसतात.

आजाराचे खापर पूर्वी घरच्यांवर फुटे. १९४८ मध्ये मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ ही कल्पना मांडली आणि पुढे कितीतरी आयांना ती विनाकारण भोवली. ती कल्पना आता त्याज्य ठरली आहे. याउलट, १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू टाकून रुग्णांसोबत राहू दिले. त्याच दशकात न्यूयॉर्कच्या क्रीडमूर रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ पीटर लाकूर यांनी अनेक कुटुंबांचे एकत्र गट सुरू केले.

लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन व सहकाऱ्यांना आढळले, की सततची टीका, वैरभाव किंवा अतिकाळजी असलेल्या घरांत परतलेल्या रुग्णांचा आजार अधिक वेळा उलटतो. याचा अर्थ अशा वागण्याने आजार होतो असा नाही. थकलेले, घाबरलेले घर असेच बोलते. म्हणूनच घरच्यांना दोष न देता माहिती आणि आधार द्यावा, हा विचार रुजला.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ विल्यम मॅकफार्लेन यांनी बसवलेली रीत आज सर्वाधिक वापरात आहे. उपचारक आधी प्रत्येक कुटुंबाला वेगळे भेटतात, मग आजाराविषयी दिवसभराची कार्यशाळा होते. त्यानंतर पाच ते आठ कुटुंबे पंधरवड्यातून एकदा, दीड तास जमतात. सुरुवात मुद्दाम इकडच्या तिकडच्या गप्पांनी होते, कारण आजारापलीकडचे बोलणेच या घरांत आटलेले असते. मग प्रत्येकाची विचारपूस होऊन एकच अडचण निवडली जाते. समजा, मुलगा दुपारपर्यंत उठत नाही आणि त्यावरून रोज भांडण होते. जो तो उपाय सुचवतो. चांगला-वाईट न ठरवता सगळे फळ्यावर लिहितात, प्रत्येकाचे फायदे-तोटे पाहतात आणि अखेर निवड त्या मुलाने व त्याच्या घरच्यांनी करायची असते. पुढच्या बैठकीत आधी त्याचीच चौकशी.

पद्धतीची खरी ताकद इथे दिसते. ‘हा आळस नाही, गोळीची गुंगी आणि आजार आहे’ हे डॉक्टरांनी दहादा सांगून पटत नाही. तेच दुसऱ्या शुभार्थीच्या वडिलांनी सांगितले की पटते. शुभार्थीही आईचे ऐकत नाही, पण शेजारी बसलेल्या दुसऱ्या आईचे ऐकतो.

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅकफार्लेन यांच्या अभ्यासात दोन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण अशा गटांत १६ टक्के, तर एकेका कुटुंबाला स्वतंत्र मार्गदर्शन दिल्यास २७ टक्के आढळले. रुग्ण तीव्र झटक्यात असेल, घरात मारहाण होत असेल किंवा स्वतः रुग्णाचीच संमती नसेल, तर त्याला गटात घेत नाहीत.