ट्रेमधल्या चरबीला टाळ्या

परभणीला मावशीकडे गेलो असताना भाच्याने फोनवर जॉर्ज फोरमन ग्रिलची जुनी अमेरिकी जाहिरात लावली. हेवीवेट मुष्टियुद्धाच्या माजी जगज्जेत्याचे नाव घेऊन १९९४ साली बाजारात आलेल्या या उपकरणाचे दहा कोटींहून अधिक नग विकले गेले आहेत. तिरक्या तव्यावरून ओघळलेली चरबी ट्रेमध्ये जमताना आणि तिला जाहिरातीतले प्रेक्षक टाळ्या वाजवताना पाहून भाच्याला हसू आवरेना, मावशी मात्र पदर सावरत पुढे सरकली आणि म्हणाली, "एवढं तेल त्या कोंबडीत व्हतं व्हय?"

मावशीचा प्रश्न भाच्याच्या हसण्यापेक्षा मोलाचा आहे. कच्च्या मांसात सुमारे तीनचतुर्थांश पाणी असते, आणि साठेक अंशांच्या पुढे प्रथिनांचे तंतू आकसू लागले की ते पिळल्यासारखे बाहेर पडते. म्हणजे ट्रेमधला द्रव निव्वळ चरबी नव्हे. तो फ्रिजमध्ये ठेवला तर चरबी वर थिजते आणि पाणी खाली राहते. कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसात १०० ग्रॅममागे जेमतेम तीन ग्रॅम चरबी असते, तेव्हा तिथे निथळून निथळणार तरी किती? चरबीयुक्त खिम्यातून ती बऱ्यापैकी सुटते हे खरे, परंतु साध्या तव्यावरही ती सुटतेच, आणि तवा कलता करून ओतूनही देता येते.

या उपकरणातली खरी करामत उतारात नसून वरच्या झाकणात आहे, आणि तिच्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी तापल्यामुळे उष्णतेला पूर्ण जाडी ओलांडावी लागत नाही, निम्मीच ओलांडावी लागते. निम्म्या अंतराला निम्मा वेळ लागेल, असे आपल्याला वाटते; प्रत्यक्षात तो चौथाई लागतो. आठवडी बाजाराच्या गर्दीत धक्के खात कधी पुढे, कधी मागे सरकणाऱ्या माणसाला दुप्पट अंतर गाठायला सरासरी चौपट वेळ लागतो. रेणूंच्या धक्काबुक्कीतून वाट काढणाऱ्या उष्णतेचा हिशेबही तसाच असतो. मांसाचा औष्णिक विसरणांक, म्हणजे त्यात उष्णता किती झपाट्याने पसरते याचे माप, सेकंदाला सुमारे ०.१४ चौरस मिलिमीटर धरला आणि अंतराच्या वर्गाला त्याने भागले, तर १० मिलिमीटरसाठी सुमारे १२ मिनिटे आणि २० मिलिमीटरसाठी सुमारे ४८ मिनिटे असे उत्तर येते. ही शिजण्याची अचूक वेळ नव्हे, तुलनेचे माप आहे. शिवाय तव्यावर आपण तुकडा उलटतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक चौपटीहून कमी भरतो. तरीही जाडीचा वर्ग सुटत नाही. भाकरी पातळ थापणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाताला हा नियम ठाऊक असतो.

आपल्याकडे याच धाटणीच्या टेलिशॉपिंगच्या जाहिरातींत स्वयंपाकाच्या उपकरणांच्या शेजारी हनुमान चालिसा यंत्रेही विकली जात, आणि तिथेही भारावलेले 'ग्राहक' अनुभव सांगत. अशा वस्तूंना अलौकिक गुण चिकटवणाऱ्या टीव्हीवरील जाहिराती २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार बेकायदेशीर असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले, हे बरेच झाले. ग्रिलची गोष्ट वेगळी: ते काम करते, फक्त जाहिरात त्याच्या दुय्यम गुणाचे ढोल वाजवते.

दुसऱ्या दिवशी मावशीने सुनेच्या सँडविच ग्रिलमध्ये धपाटे लावून पाहिले. झाकणाने दाबल्यावर मधली भोके बुजली, वाफ आतच कोंडली आणि धपाटे खरपूस होण्याऐवजी लुसलुशीत निघाले. त्यावर सोडलेले तेल पिठाने पिऊन टाकले होते. मावशीने ग्रिल कलते करून पाहिले, तर कडेला एक थेंबसुद्धा ओघळला नाही.