टँकरवरचा ‘इन’ आणि ठिबकमधला ‘इन’

सुरत-नागपूर महामार्गावर पारोळ्याच्या पुढे आमची गाडी पेट्रोलच्या एका टँकरमागे अडकली होती. टँकरच्या पाठीवर लाल अक्षरांत लिहिलेलं: ‘हायली इन्फ्लेमेबल’. सोबत माझ्या शिकवणीतला आठवीचा मुलगा होता. त्यानं पाटी मोठ्यानं वाचली आणि विचारलं, “सर, मंग हाऊ टँकर पेटत नही ना?”

बिचाऱ्याचं काय चुकलं? करेक्टच्या उलट इनकरेक्ट, व्हिजिबलच्या उलट इनव्हिजिबल, हे मीच त्याला शिकवलं होतं. पण इंग्रजीत हुबेहूब एकसारखे दिसणारे दोन ‘इन’ आहेत, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. दोन्ही लॅटिनमधून आलेले, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

एक ‘इन’ नकाराचा. अनादर, अनावश्यक यांतल्या आपल्या ‘अन्’चा तो भाऊच. संस्कृत आणि लॅटिन ज्या जुन्या भाषेतून निघाल्या, तिथूनच हे दोघे आले. अनहॅपीमधला ‘अन’सुद्धा त्याच घरातला.

दुसरा ‘इन’ म्हणजे ‘आत’. लॅटिनमध्ये ‘पोर्ट’ या मुळाचा अर्थ वाहून नेणं, म्हणून आत आणणं ते इम्पोर्ट. रावेर-यावलकडच्या घरांत एक्स्पोर्टच्या केळीची चर्चा रोजची. त्यातला ‘एक्स’ बाहेरचा. पोर्टर, ट्रान्स्पोर्ट, पोर्टेबल हे सगळे याच मुळाचे. एक मूळ कळलं की असे पाच-सहा शब्द पाठ न करताच पदरात पडतात, म्हणून मला शब्दांच्या याद्या घोकून घेण्यापेक्षा शब्द उकलून दाखवणं आवडतं.

गोंधळात भर पडते ती संधीमुळे. उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख, हे मुलांना माहीत असतं. तसाच हा ‘इन’ पुढच्या अक्षराप्रमाणे ‘इम’, ‘इल’, ‘इर’ होतो आणि दोन्ही ‘इन’ अगदी सारखेच बदलतात. इम्पॉसिबलमध्ये नकार, इम्पोर्टमध्ये आत. इलिगलमध्ये नकार, इल्युमिनेट म्हणजे उजळणं, तिथे नकाराचा मागमूस नाही. इरेग्युलर म्हणजे अनियमित, आणि इरिगेशन? जळगाव जिल्ह्यातल्या मुलाला ड्रिप इरिगेशन सांगावं लागत नाही, घरच्या शेतात ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात. ‘रिगारे’ म्हणजे पाणी देणं. ते रानात आत सोडलं की इरिगेशन.

ओळखायचं कसं? शब्दाच्या सुरुवातीचा ‘इन’, ‘इम’, ‘इल’ किंवा ‘इर’ झाकून बघावा. उरलेला शब्द पॉसिबल, लीगल, रेग्युलर असं धडधाकट विशेषण असेल, तर बहुतेक नकार. ‘रिगेशन’सारखं एकटं न चालणारं काही उरलं किंवा शब्द क्रियापद असेल, तर बहुधा ‘आत’.

आता टँकरकडे येऊ, कारण तिथे ही युक्ती फसते. हा शब्द इन अधिक फ्लेमेबल असा जुळलेला नाही. आधी ‘इन्फ्लेम’ म्हणजे पेटवणं, त्याला ‘एबल’ लागलं: पेटू शकेल असा. केळीच्या घडाची फणी जोडावरच कापावी लागते, भलतीकडे विळा लागला तर फळाला जखम होते. शब्दाचंही तसंच. चुकीच्या जागी तोडला की अर्थच उलटतो, आणि इथे तर आगीशी गाठ आहे. म्हणूनच 1920 च्या दशकात अमेरिकेत अग्निसुरक्षेचं काम करणाऱ्यांनी ‘इन’ गाळून नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहायचा आग्रह धरला. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. न पेटणाऱ्यासाठी ‘नॉन-फ्लेमेबल’.

त्या मुलाला मी लगेच दुसरा शब्द दिला: इनव्हॅल्युएबल. तो म्हणाला, “पेटवण्यासारखंच! म्हणजे किंमतवाला.” अर्थाच्या जवळ पोचला, पण वाट चुकली. इथे ‘इन’ नकाराचाच आहे: ज्याची किंमत करता येत नाही असं. आपला ‘अमूल्य’ नेमका असाच घडलाय. हे सांगितल्यावर तो एरंडोल येईपर्यंत दुकानांच्या पाट्यांवर ‘इन’ शोधत बसला होता.